ब्रँबल अडेल नाही, आप्पा

किल्डेअर, आयर्लंड
रविवार, १६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "घोडी अडते ना? मग ती अडेल. अडेल जनावर दावणीला ठेवू नये." माझी ड्युटी सुरू होत होती, म्हणून बोलणं तिथंच राहिलं. पण तुमचा तो शब्द आठवडाभर मनात सलत राहिला. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही सगळा जन्म घोडे पारखलेत, तुमचा शब्द मी हलका कसा समजू? तरी ही घोडी, ब्रँबल, अडेल नाही. हे फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले आहे. आईलाही वाचून दाखवा. मधे माझ्या पडण्याचा भाग आहे, तो आधी तुम्ही वाचा आणि मग तिला सांगा. मी धडधाकट आहे.

आधी घोडी सांगते, तुम्ही विचाराल त्याच क्रमाने. वय सहा. रंग कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, आयाळ आणि शेपूट काळी. चारी पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणीच. आपल्याकडे अशा घोडीला नारळ फोडून घरी आणतील. इथली जुनी समजूत नेमकी उलटी आहे, चारी पाय पांढरे असतील तर घोडा घेऊ नये म्हणतात, पांढरे खूर मऊ असतात म्हणून. तिचे खूर मी रोज साफ करते, चांगले टणक आहेत. उंची १५.२ हात. इथला हात म्हणजे चार इंचांची मूठ, तेव्हा यात्रेतल्या भाषेत ६२ इंची. ब्रँबल म्हणजे इथल्या बांधावर वाढणारी काटेरी जाळी, आपल्या करवंदीसारखी. घोडी माझी नाही, तबेल्याच्या मालकीणबाईंची आहे. आठवड्यातले तीन दिवस ती माझ्याकडे असते. त्या दिवसांचा खर्च माझा, आणि चारा, लीद, खरारा सगळं मीच करते. खरारा करताना अजूनही तुमच्यासारखी जिभेने टकटक करते. तिला ते आवडतं, कान सैल सोडून उभी राहते.

आता खेळ. रिंगण म्हटलं की तुम्हाला वारीतला अश्व आठवेल, पण इथल्या रिंगणात आठ-दहा अडथळे मांडलेले असतात. दोन खांबांमध्ये लाकडी दांड्या असतात. दांडी बांधलेली नसते, लोखंडी वाटीत नुसती टेकवलेली असते, घोड्याचा खूर लागला की पडते. दांडी पडली की चार गुण दंड. घोडा अडला तरी चार. आमच्या छोट्या स्पर्धेत तिसऱ्यांदा अडला की बाद, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्यांदाच बाद करतात. स्वार पडला तर लगेच बाद. प्रत्येक अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल निशाण आणि डाव्या हाताला पांढरं, त्यामुळे कुठल्या बाजूने उडायचं ते कळतं. कमीत कमी दंडाचा जिंकतो, बरोबरी झाली तर वेळ बघतात.

माझी शिक्षिका सुरुवातीलाच म्हणाली होती की नवा स्वार आणि नवी घोडी अशी जोडी ती सहसा लावत नाही, दोघांपैकी एकाला तरी वाट माहीत असावी लागते. मीच हट्ट धरला.

पहिली स्पर्धा जानेवारीत झाली, छपराखालच्या रिंगणात, उंची ६० सेंटिमीटर. आपल्या ओट्याइतकीही नाही. पहिला अडथळा ब्रँबल ओलांडून गेली, दुसराही गेली. तिसऱ्या दांडीखाली निळ्या-पांढऱ्या फळ्या उभ्या केल्या होत्या. ती तिथे अडली. वळवून पुन्हा आणली, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा मी टाचा मारल्या, ती फळीपासून हातभर अंतरावर चारी पाय रोवून उभी राहिली. घंटा वाजली. मान लववून आम्ही बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि मनात तुमचाच शब्द होता, आप्पा. मीही तिला अडेलच म्हटलं होतं.

शिक्षिकेने मग तिच्या फोनवर काढलेलं चित्रण दाखवलं, सावकाश चालवून. पाच टापा आधी घोडीचे दोन्ही कान पुढे आहेत, ती फळीकडे बघते आहे, वेगही ठीक आहे. चौथ्या टापेला माझी नजर खाली फळीवर जाते. तिसऱ्या टापेला माझे हात मागे येतात, लगाम ताणला जातो. मग ती मान वर करते आणि थांबते. तिन्ही वेळा माझे हात आधी मागे आले आणि घोडी नंतर थांबली. तिने विचारलं होतं, जाऊ का? मीच नको म्हटलं. आणि वर टाचा मारल्या.

यात घोड्याच्या डोळ्यांचाही भाग आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं, जवळजवळ मागचंही दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली दिसत नाही. म्हणून अडथळा नीट बघायला त्याला मान वर-खाली करावी लागते. आपण लगाम आवळला की बघायची सोयच गेली. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. लाल आणि हिरवा त्याला वेगळे करता येत नाहीत, निळा आणि पिवळा मात्र ठळक दिसतो. शेजारच्या ब्रिटनमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर शर्यतीतल्या अडथळ्यांचा नारिंगी रंग बदलून पांढरा केला, तो याच कारणाने. मला ती निळी फळी शोभेची वाटत होती. तिच्या डोळ्यांत मात्र रिंगणातली सगळ्यात ठसठशीत वस्तू तीच असणार.

मग तीन आठवडे उडी बंद. जमिनीवर साडेचार-साडेचार फुटांवर दांड्या टाकायच्या आणि दुडकीने त्यांवरून जायचं. नंतर फुलीसारखा छोटा अडथळा, त्यापुढे १८ फुटांवर दुसरा. अंतर असं असतं की घोडी दुडकीत आली, पहिला ओलांडला की मधे बरोबर एकच झेप बसते. मला काही ठरवावंच लागत नाही, हिशेब घोडी शिकते. माझं काम एवढंच, की दोन्ही हातांनी आयाळ धरायची आणि नजर पलीकडच्या भिंतीवरच्या घड्याळावर ठेवायची. आयाळ हातात असली की लगाम ओढता येत नाही. आठव्या वर्षी तुम्ही मला तट्टावर बसवलंत तेव्हा आयाळच धरायला लावली होती. तुम्ही म्हणाला होतात, लगाम हातात आला की माणूस त्याला लोंबकळतो. ते मला वीस वर्षांनी इथे कळलं.

तुम्ही लांब रिकिबीत, कंबर मागे टाकून, खोगिरात घट्ट बसता. रेवाल या न हिंदकळणाऱ्या चालीला ती बैठक शोभते. युरोपातले घोडदळाचे स्वारही उडी मारताना मागेच रेलायचे आणि लगाम धरून ठेवायचे. फेदेरिको काप्रिल्ली नावाचा इटलीचा एक घोडदळ अधिकारी होता, १८६८ चा जन्म. मोकळा घोडा स्वाराशिवाय कशी उडी मारतो हे तो बघत राहिला. घोडा मान लांबवतो, पाठ कमानीसारखी करतो. म्हणून त्याने रिकीब आखूड केली, स्वाराला खोगिरातून उचलून पुढे झुकवलं आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग पुढे जाऊ दिला. १९०२ मध्ये तूरिनला त्याने २.०८ मीटर उडी मारून दाखवली. १९०७ मध्ये घोड्यावरूनच पडून गेला, चाळिशीही गाठली नव्हती. आज जगभर सगळे त्याच्याच पद्धतीने उडतात. त्याची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, तुमची त्याची गाठ पडायला हवी होती. तोही तुमच्यासारखाच आधी घोड्याकडे बघायचा.

फेब्रुवारीत दुसरी स्पर्धा. निळी फळी होती, ब्रँबल सहज गेली. पुढे जोडअडथळा होता, दोन अडथळ्यांत एक झेप. पहिल्याला आम्ही फार जवळ पोचलो, उडी तोकडी पडली, दुसऱ्याला तिने लांबूनच उडी घेतली आणि मी मागे राहिले. तिच्या खांद्यावरून खाली आले. वाळू मऊ असते. अंगात जाड छातीकवच होतं, डोक्याला शिरस्त्राण होतं. तिथल्या वैद्यकीय माणसांनी तपासलं, खांद्याला काळानिळा डाग पडला, बाकी काही नाही. डोकं आपटलं असेल तर ते शिरस्त्राण पुन्हा वापरायचं नसतं, नवं घ्यावं लागलं. पण आप्पा, मी मान वर केली तेव्हा ब्रँबल दहा पावलांवर उभी होती. लगाम लोंबत होता, दार उघडं होतं, बाहेर गवत होतं. ती गेली नाही. माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

त्या पडण्याने मला मोजणी शिकवली. दुडकीहून वेगाच्या कँटर चालीत घोड्याची एक झेप साधारण १२ फूट धरतात, म्हणजे तीन फुटी चार पावलं. स्पर्धेच्या आधी स्वारांना रिंगणात पायी फिरू देतात. अडथळ्याला पाठ लावून निघायचं, दोन पावलं उतरण्याची सोडायची, शेवटी दोन उडी घेण्याची, आणि मधल्या दर चार पावलांची एक झेप. एका झेपेच्या जोडीत २४ फूट, आठ पावलं. माझी उंची पाच फूट एक इंच, माझं पाऊल तीन फुटांचं कुठून असणार? स्वयंपाकघरात टेप लावून जमिनीवर खुणा केल्या आणि रोज चहा उकळेपर्यंत त्या खुणांवरून चालले. आता वॉर्डातही माझं पाऊल आपोआप लांब पडतं.

काल तिसरी स्पर्धा झाली, ७० सेंटिमीटर. पहिले पाच अडथळे स्वच्छ. जोडअडथळ्यात मधली झेप अशी बरोबर बसली की मी मोठ्याने "शाब्बास" म्हणाले. सहावा अडथळा कोपऱ्यातून वळून लगेच होता, खाली लाकडी भिंत. मी वळण आखूड घेतलं, घोडी तिरकी आली आणि अडली. चार दंड.

आप्पा, इथेच बघा. जानेवारीतली मी असते तर टाचा मारल्या असत्या. काल मी तिला मागे नेलं, कोपऱ्यात खोलवर घालून सरळ आणलं, हात सोडले आणि भिंतीच्या पलीकडे बघितलं. तिचे कान पुढे झाले. गेली. पुढचे दोन्हीही गेली, एकही दांडी न पाडता. अडेल जनावर दुसऱ्यांदा आणलं की आधीच मान फिरवतं, जीभ काढतं, मागे सरतं, हे तुम्हीच मला यात्रेत दाखवलं होतं. यातलं एकही लक्षण तिच्यात नाही. तिरकं आणल्यावर तिला भिंत दिसलीच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर उडी मारायला तिने नकार दिला. तुमच्या घोड्याने पुरात फरशी पुलावर पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा तुम्ही त्याला गूळ दिला होता.

रिबीन मिळाली नाही, आमच्या पुढे बरेच जण बिनदंडाचे होते. पण फेरी पुरी झाली.

चिलीच्या लष्करातला कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल आणि त्याचा उआसो घोडा, यांनी ५ फेब्रुवारी १९४९ ला २.४७ मीटरची उडी मारली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. आधीचे दोन प्रयत्न फसले होते, तिसऱ्यांदा गेला. आणि तो घोडा शर्यतीसाठी घेतलेला, तिथे न चाललेला. यात्रेत त्याला कोणी किती बोली लावली असती?

ऑगस्टमध्ये डब्लिनला मोठा अश्वमेळा असतो. तिथे देशोदेशीचे संघ आगा खान करंडकासाठी उतरतात, १९२६ पासून. मी गेल्या वर्षी प्रेक्षकांत उभी होते. तिथले मोठे अडथळे माझ्या डोक्याइतके उंच असतात, पण अडथळ्याकडे येतानाचे कान तसेच, ब्रँबलसारखे. यंदा तुम्ही यावं असं फार वाटतं. व्हिसाच्या कागदांचं मी आणि दादा बघतो, तुम्ही फक्त गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

दादाच्या फोनवर फोटो पाठवते आहे. दोन तिच्या उडीचे आहेत, पण तुम्ही आधी तिसरा बघा. तिच्या गळ्याखाली, घाटीच्या जरा वर, केसांचा एक भोवरा आहे. काल खोगीर उतरवून घाम पुसताना हाताला लागला. हिवाळ्याची लव आता झडते आहे, म्हणून आधी दिसला नसावा. इथे भोवऱ्यांची फक्त ओळखपत्रात नोंद करतात, शुभाशुभ कोणाला ठाऊक नाही. मला तो देवमण, आपल्याकडचा गळ्यावरचा शुभ भोवरा, वाटतो. चष्मा लावून, उजेडात नेऊन नीट बघा आणि काय ते कळवा.

आईला आणि दादाला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची नात,
मनी