यादीत नाव होते, की हात वर केलास?

सोलापूर, रविवार

चि. गौरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केलास आणि मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने मान खाली घातली. हे तुझ्या आईच्या लक्षात आले होते. रिक्षात घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आदल्या रात्रीच्या बोलण्याचा शेवट नीट झाला नाही, याची रुखरुख आम्हा दोघांना आहे. छत्तीस वर्षे कोर्टात इतरांचे म्हणणे लिहून घेण्यात गेली. त्यामुळे माझे स्वतःचे म्हणणे मला लिहिल्याशिवाय मांडता येत नाही, आणि बोलायला गेलो की आवाज चढतो. तेव्हा हे पत्र स्वतः टंकित करून पाठवत आहे. रागावण्यासाठी लिहीत नाही, एवढे प्रारंभीच नमूद करतो.

प्रश्न एकच आहे आणि तो मी त्या रात्रीही विचारला होता. त्या दिवशी तुमचे जहाज वाटेत कलंडलेल्या गलबताच्या मदतीला गेले, तेव्हा बचावाच्या होडीत उतरणाऱ्यांच्या यादीत तुझे नाव आधीपासून होते, की कॅप्टनसाहेबांनी कोण जाणार असे विचारल्यावर तू हात वर केलास?

आम्हाला तू फोनवर इतकेच सांगितले होतेस की वाटेत थोडे काम निघाले, म्हणून जहाज दीड दिवस उशिरा लागले. काम! दोन महिन्यांनी सांगलीहून तुझ्या बॅचमेटच्या आईचा फोन आला आणि त्या माझे अभिनंदन करू लागल्या. कशाबद्दल, हे विचारायची मला लाज वाटली, म्हणून मी नुसतेच हो हो म्हणत राहिलो. मग त्यांनी फोटो पाठवला. नारिंगी होडी, तिच्यात चौघे जण, खाली काळेभोर पाणी, आणि पलीकडे कलंडलेल्या लाकडी गलबताची जेमतेम दिसणारी कड. हेल्मेट आणि लाइफजॅकेटमुळे एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. एकीची वेणी हेल्मेटखालून बाहेर आली होती, त्यावरून तुझ्या आईने तुला ओळखले. नऊ माणसे तुम्ही वर घेतलीत, हे नंतर समजले. त्या संध्याकाळी मी कोणालाही काही न सांगता सात रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

तू पहिल्या सुट्टीत आली होतीस तेव्हा ही सगळी व्यवस्था आम्हाला समजावून दिली होतीस, हे मी विसरलेलो नाही. आई चटणीसाठी शेंगा फोडत होती. तू पसरलेल्या वर्तमानपत्रावर दाणे मांडलेस आणि म्हणालीस, हा अरबी समुद्र आणि ही जहाजे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५८ साली अ‍ॅम्व्हर नावाची व्यवस्था सुरू केली. ती प्रथम अटलांटिकपुरती होती, पुढे सगळ्या समुद्रांसाठी झाली. तिच्यात नाव नोंदवलेले व्यापारी जहाज निघताना आपला मार्ग कळवते, मग निदान दर ४८ तासांनी आपण कुठे आहोत ते कळवते, वाट बदलली तर तेही कळवते आणि पोहोचल्यावर पोहोचल्याचे कळवते. आपल्या तटरक्षक दलाची इंडसार ही व्यवस्थाही त्याच धर्तीची. मग तू एक फुटका दाणा मध्ये ठेवलास. हे बुडणारे जहाज. आता बचाव केंद्रावरच्या माणसाला क्षणात दिसते की याच्या जवळ कोण आहे, कोणाचा वेग किती, कोणावर डॉक्टर आहे, आणि तो सर्वांत सोयीच्या जहाजाला वळायला सांगतो. नाव नोंदवण्याची सक्ती नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत, सगळे स्वेच्छेने, असे तू तीन वेळा म्हणालीस. आईने तेवढ्यात सगळा अरबी समुद्र गोळा करून भाजायला कढईत टाकला. मी हसलो होतो. स्वेच्छेने या शब्दाकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

आता मात्र गेले आहे. फोटो आल्यापासून मी तुमचे नियम मिळवून वाचले. कायद्याचे कागद वाचायची सवय अजून गेलेली नाही. १९७४ च्या सोलास, म्हणजे समुद्रावरील जीवितरक्षणाच्या कराराच्या पाचव्या प्रकरणातील ३३ वा नियम असा आहे की, समुद्रात कोणी संकटात असल्याचे कोणाकडूनही कळले, तरी कॅप्टनने पूर्ण वेगाने मदतीस गेलेच पाहिजे, मग ती माणसे कोणत्या देशाची आणि कोणत्या दर्जाची आहेत हे पाहायचे नाही. जाता येत नसेल, किंवा जाणे अवाजवी अथवा अनावश्यक वाटले, तर न जाण्याचे कारण लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत, लिहायचे. हे मला फार आवडले. नाही म्हणायचे असेल तर सही करून नाही म्हणा. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातले ९८ वे कलमही हेच सांगते, पण त्यात एक वाक्यांश आहे, ज्यावर मी पेन्सिलीने खूण केली आहे. जहाजाला, खलाशांना आणि प्रवाशांना गंभीर धोका न पोहोचता जितके करता येईल तितके. गंभीर म्हणजे किती, हे कलमात सांगितलेले नाही. असल्या शब्दांवर आमच्याकडे वीस वीस वर्षे दावे चालत, पण तिथे धोका गंभीर आहे की नाही हे अंधारात, हेलकावणाऱ्या जहाजावर, पाच मिनिटांत कोणीतरी ठरवायचे असते. आणि वाचवलेल्या माणसाकडून त्याच्या जिवाचा मोबदला मागता येत नाही, हे १९८९ च्या सॅल्व्हेज, म्हणजे संकटातली जहाजे व माल सोडवण्याच्या करारात स्पष्ट आहे. ते योग्यच आहे. मी त्याविरुद्ध काही म्हणत नाही.

माझे म्हणणे त्या होडीपुरते आहे. तुमच्या मस्टर लिस्टमध्ये प्रत्येकाचे काम नेमलेले असते, होडीतही कोणी जायचे ते ठरलेले असते आणि त्याचा सराव होतो, असे मी वाचले. यादीत नाव असेल तर ते कर्तव्य झाले आणि कर्तव्याला बापाने आडवे येऊ नये, एवढे मला कळते. परंतु यादीत नाव नसताना पुढे होणे ही निराळी गोष्ट आहे. होडी खाली सोडताना नव्हे, तर माणसे घेऊन परत आल्यावर ती पुन्हा हुकांना अडकवून वर खेचताना जास्त जपावे लागते, जहाजाच्या भिंतीवर ती आपटते, बोटे चिरडतात, हे तू नाही सांगितलेस, ते मला वाचावे लागले. त्यातून हा आषाढ. यंदा तुझे जहाज ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र ओलांडणार आहे. तू निदान ग्लोव्ज नेहमी वापर, हुकाखाली उभी राहू नकोस, घाई करणाऱ्याचे ऐकू नकोस, उपाशीपोटी होडीत चढू नकोस, आणि हे पुन्हा व्याख्यान झाले. थर्ड ऑफिसरला हुक शिकवणारा मी कोण? सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येते. माझे पाण्याचे ज्ञान तेवढेच. क्षमस्व.

त्या रात्री तू कॅप्टन राधिका मेनन यांचे उदाहरण दिलेस आणि मी ते उडवून लावले, तेही चूकच झाले. नंतर सगळे वाचून काढले. जून २०१५, ओडिशातील गोपालपूरजवळचा समुद्र, दुर्गम्मा नावाची मासेमारीची होडी, इंजिन बंद, नांगर तुटलेला, अन्नपाणी लाटांनी नेलेले. सात जण मासे ठेवण्याच्या बर्फावर जगत होते. संपूर्ण स्वराज्य या टँकरवरच्या सेकंड ऑफिसरला ती होडी अडीच किलोमीटरवरून दिसली. पंचवीस फुटांहून उंच लाटा, साठ नॉटांहून अधिक वारा आणि मुसळधार पाऊस असताना बाईंनी पायलट शिडी, म्हणजे जहाजाच्या बाजूने सोडायची दोरीची शिडी, सोडून, दोनदा फसल्यावर तिसऱ्या प्रयत्नात सातही जणांना वर घेतले. त्यांच्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. घरी त्यांच्या अंत्यविधीची तयारी चालू होती. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार बाईंना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. वाचताना ऊर भरून आला, हे कबूल करतो. तरीही मनात आलेच, की त्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, उभ्या होत्या, आणि त्यांनी आपले कोणी खाली होडीत पाठवले नाही, शिडीवरून माणसे वर घेतली. तुम्हाला शिडी सोडता आली नसती का? मी पुन्हा तिथेच आलो.

आणि मदतीला गेलेल्या जहाजाचे नेहमी कौतुकच होते असेही नाही. २००१ साली नॉर्वेच्या टाम्पा जहाजाने हिंदी महासागरात चारशेहून अधिक माणसे वाचवली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्यांना किनाऱ्यावर उतरू देण्यास नकार दिला. २०२० साली मार्स्क एटिएन हे टँकर सत्तावीस माणसे घेऊन माल्टाजवळ महिनाभराहून अधिक काळ नुसते थांबून राहिले. पण या दोन्हींपेक्षा मला झोपू न देणारी गोष्ट एप्रिल २०१५ ची आहे. लिबियाच्या किनाऱ्यापासून दूर, खच्चून भरलेल्या एका होडीच्या मदतीला रात्री किंग जेकब नावाचे मालवाहू जहाज गेले आणि ते जवळ पोहोचल्यावर ती होडी उलटली. शेकडो माणसे गेली, अठ्ठावीस वाचली. त्या जहाजावरची तुझ्या वयाची पोरे नंतर काय करत असतील? ज्यांनी जहाज वळवले, त्यांनीच ते पाहिले. तू मला गलबतावरच्या नऊ जणांचे सांगितलेस. गलबतावर नऊच होते ना? हे मी विचारले नाही आणि तूही आपण होऊन काही बोलली नाहीस.

खरे पाहता दोष माझाच आहे. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथेच जन्मले, आणि त्यांच्या सिंधिया कंपनीचे लॉयल्टी जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून तो दिवस देशभर सागरी दिन म्हणून पाळतात, हे तुला तिसरीत असताना भाषणासाठी कोणी लिहून दिले? तू ते होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून मोठ्याने पाठ म्हणत होतीस आणि पाळणेवाला हसत होता. आत्या म्हणाली होती, कोरड्या गावाची पोर, हिला कशाला समुद्र दाखवतोस. आत्याचे तेव्हा कोणी ऐकले नाही. मोरेवाडीच्या विहिरीत दोर बांधून तुला पोहायला सोडली तीही मीच, आणि तिसऱ्या दिवशी तू दोर सोडलास तेव्हा वरून टाळ्या वाजवणाराही मीच.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. आदल्या रात्री तू म्हणालीस, आप्पा, तुम्ही असता तर काय केले असते? मी ताटावरून उठलो, ते चिडून उठलो असे तुला वाटले असेल.

परवा शेगावची पालखी गावातून गेली, तेव्हापासून मनात घोळते आहे ते लिहितो. तुझ्या जन्माआधी, माझे लग्नही झालेले नसताना, आषाढीनंतर मी पंढरपूरला गेलो होतो. चंद्रभागेला पाणी चढले होते. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून आठ-दहा वर्षांचा एक मुलगा घसरला आणि बघता बघता धारेला लागला. मला पोहता येत होते, चांगले येत होते. मी चपला काढल्या. सदऱ्याची वरची दोन बटणे सोडली. आणि तिसऱ्यावर हात थांबला. नोकरी नुकतीच लागली होती, घरी आई एकटी होती, पाणी गढूळ होते. ही सगळी कारणे मला नंतर सुचली असतील, त्या क्षणी नुसता हात थांबला. पैलतीराला माणसे पोहोचवणारी एक होडी तिथून चालली होती. कोळ्याने ती भरल्या होडीनिशी धारेत आडवी घातली, आतली माणसे ओरडत होती, एका बाईची पिशवी पाण्यात गेली. त्याने वल्ह्याचे टोक पुढे केले आणि पोराला कपड्याला धरून ओढून घेतले. घाटाला लागल्यावर होडीतल्या एका गृहस्थाने उशीर झाला म्हणून आपले पैसे परत मागितले, आणि कोळ्याने ते दिले. मी बटणे लावली आणि चपला घातल्या. घाटावर मला कोणी काही विचारले नाही. लॉगबुकात लिहावे तसे कारण माझ्याकडून कोणी मागितले नाही, म्हणून आज लिहितो आहे. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

तेव्हा मी असतो तर काय केले असते, ते तुला समजले. तू तसे करावेस अशी माझी इच्छा नाही, आणि तू तसे करू नयेस असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. मला फक्त तू परत यायला हवी आहेस.

कडक भाकरी वरच्या पिशवीत आहे, ती आधी संपव, चटणी टिकेल. नवी चादर तू मुद्दाम इथेच ठेवून गेलीस, हे आज समजले. मी तिची घडी मोडलेली नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर सवडीने कळव. एका शब्दात चालेल: यादी किंवा हात. आईला मात्र यादी असेच सांग.

तुझे,
आप्पा

ता. क. वेणी हेल्मेटच्या आत घालावी, असे आईने लिहायला सांगितले आहे.