सिस्टिमच्या पायथनला हात लावू नकोस

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, उबुंटूतलं पायथन ३.१२ काढूनच टाकतो आणि जुनं पायथन टाकतो." मी बसमध्ये होते, गर्दीत धड बोलता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून सकाळी चहाच्या आधी हे लिहायला बसले. ते काढू नकोस, बाळा. अजून काढलं नसशील, अशी आशा आहे.

तुझी अडचण खरी आहे. सरांनी दिलेला कोड जुना, त्याला डिस्टयूटिल्स हे पायथनबरोबर येणारं जुनं मॉड्यूल लागतं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते काढून टाकलंय. तुझ्या उबुंटू २४.०४ बरोबर नेमकं ३.१२च येतं. यात तुझं काही चुकलेलं नाही.

पण ते पायथन तुझ्यासाठी ठेवलेलं नाही. अपडेटची खिडकी उघडते त्यामागे पायथन आहे, आणि उबुंटूची अशी कितीतरी कामं त्याच्यावरच चालतात. देवघरातला तांब्या आपण आमटीला घेत नाही, तसंच समज. लायब्रऱ्या इन्स्टॉल करणाऱ्या पिपनेही तुला 'एक्स्टर्नली मॅनेज्ड', म्हणजे हे पायथन सिस्टिम सांभाळते, असं म्हणून अडवलं ते याचसाठी. खाली त्याने 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा पर्याय दाखवला असेल. त्याच्या नावातच सगळं आलं, तो वापरू नकोस.

२०१९ मध्ये मी हेच करून बसले होते. ऑफिसच्या मशीनवर उबुंटू १८.०४ होतं, त्यात ३.६. मला ३.७ हवं होतं, म्हणून पायथन३ची लिंकच नव्याकडे वळवली. प्रोग्राम चालला, मी खूश. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर काहीतरी हलायचं आणि पुन्हा शांत. उबुंटूतला तो टर्मिनल सुरू करणारी फाईलच पायथनची होती, आणि तिला लागणारी लायब्ररी फक्त ३.६ साठी होती. शेवटी कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं आणि लिंक परत जागेवर आणली. दुपार झाली होती. डेमो त्याच संध्याकाळी होता. तुझ्या सबमिशनच्या आठवड्यात तुझ्यावर ती पाळी यायला नको.

तू पायएन्व्ह घाल, म्हणजे एकाच मशीनवर पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवणारं टूल. ते तुझ्या होम फोल्डरमध्ये राहतं, सिस्टिमला शिवतसुद्धा नाही. मात्र ते पायथन सोर्समधून बिल्ड करतं, त्यामुळे आधी ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या कमांडने, बिल्ड-इसेन्शियल आणि ओपनएसएसएल, झीलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, बीझेड२, रीडलाइन, एलझेडएमए या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस (बिल्डला लागणाऱ्या फाईल्स) घे. इथे घाई करू नकोस. एसक्यूलाइटचं पॅकेज नसेल तर बिल्ड थांबत नाही, मध्येच वॉर्निंगची एक ओळ येऊन जाते. मग महिन्याभराने डेटाबेसचा भाग लिहायला घेतलास की इम्पोर्टलाच अडकशील आणि सगळं पुन्हा बिल्ड करत बसशील. म्हणून स्क्रीनवर आलेली प्रत्येक वॉर्निंग वाच.

पायएन्व्ह इन्स्टॉल झालं की बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये, कोणत्या ओळी टाकायच्या ते पायएन्व्ह स्वतःच सांगतं. त्या टाक, टर्मिनल बंद करून नवा उघड. मग 'पायएन्व्ह इन्स्टॉल ३.११'. फॅन जोरात फिरेल, काही मिनिटं स्क्रीनवर काहीच हलणार नाही. अडकलंय असं वाटून कंट्रोल-सी दाबू नकोस. ३.११ मुद्दाम सांगतेय. त्यात डिस्टयूटिल्स आहे, आणि सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे तुझं शेवटचं वर्ष सुखाने पार पडेल.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायएन्व्ह लोकल ३.११' दे. तिथे आकडा लिहिलेली एक छोटी फाईल तयार होते. त्यानंतर तू पायथन म्हटलंस की पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, सगळ्यात पुढे असलेला पायएन्व्हचा शिम, म्हणजे मध्ये उभा असलेला छोटा प्रोग्राम, हाक ऐकतो, ती फाईल शोधतो, या फोल्डरमध्ये नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये बघतो, आणि त्या आकड्याचं पायथन चालवतो. फोल्डरच्या बाहेर आलास की तुझं ३.१२ जसंच्या तसं. ती फाईल गिटमध्ये टाकायला विसरू नकोस. तुझा पार्टनर कोड घेईल तेव्हा कोणतं पायथन हवं हे त्याला विचारावं लागणार नाही. तुला सरांच्या कोडबरोबर अशी एक ओळ मिळाली असती तर कालची रात्र वाया गेली नसती.

लायब्रऱ्यांसाठी त्याच फोल्डरमध्ये व्हीएन्व्ह, म्हणजे या प्रोजेक्टपुरती वेगळी जागा, कर, ते तुला येतंच.

झालं की 'विच पायथन' देऊन काय येतं ते मला पाठव. व्हीएन्व्ह चालू करण्याआधी दे, तेव्हा त्यात शिम्स हा शब्द दिसला पाहिजे. अडलं तर रात्री जेवणानंतर फोन कर, मी लॅपटॉप घेऊन बसते. आणि मेसचं जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आई