भोकाचं वांगं घेणार कोण?

महोदय,

गावदेवी मंडईत मी गेली तीस वर्षं भाजी घेते. वांगं हातात आलं की आधी भोक शोधायचं, ही हाताची सवय. परवा मुरबाडकडच्या एका मावशींच्या टोपलीत तेच चाललं होतं, तर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही भोकाचं घेत नाही म्हणून तर फवारावं लागतं. घरच्या खाण्याची ओळ आम्ही वेगळी ठेवतो, बिनफवाऱ्याची."

तिथेच ओशाळले. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरचं औषध तिला नीट लागत नाही, म्हणून फवारण्या सुरूच राहतात. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावून, किडके शेंडे खुडून ती बरीच आटोक्यात येते. तरी थोडी फळं भोकाची निघतातच. ती आम्ही नाकारतो आणि वर 'हल्ली भाज्यांना चवच नाही' म्हणतो!

तांदळाचंही तसंच. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा तर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पण आम्ही दाणा पांढराशुभ्र आहे ना, एवढंच बघतो.

आता मावशींच्या घरच्या ओळीतली दोन किलो वांगी दर मंगळवारी माझी, भोकासकट. किलोमागे दहा रुपये जास्त देते. अळीचा भाग कापून टाकला की भरीत झकास होतं. इमारतीतल्या आणखी चौघी तयार आहेत. महापालिकेने अशा मालासाठी मंडईत आठवड्यातून एक सकाळ दोन-तीन ओटे राखून ठेवावेत, ही विनंती.

– एक गृहिणी, नौपाडा, ठाणे