रामशेजचा वेढा कानांनीही लढवता येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शहरातल्या एका महाविद्यालयात संगणकाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन होते. धाकट्या भावाला घेऊन मी गेले होते. तो जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरी करतो आणि डावपेचांच्या खेळांचा त्याला लहानपणापासून नाद आहे. एका टेबलावर नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या वेढ्यावरचा गेम मांडला होता. १६८२ मध्ये मोगलांनी घातलेला वेढा, आणि खेळणारा किल्लेदार. भाऊ ऐकूनच खूश झाला. त्याने परवानगी घेऊन हेडफोन लावला, पेनड्राइव्हवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू केला आणि बाणांच्या कळा दाबू लागला. गेमचे नाव तेवढे ऐकू आले. पुढे काहीच नाही. विद्यार्थी अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, हा बघायचा गेम आहे."

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही. पण त्याचे म्हणणे चुकीचे आहे. शिबंदी किती उरली, दाणागोटा किती दिवसांचा, कोणत्या अंगाने हल्ला येतोय, एवढ्यावर हा खेळ चालतो. खऱ्या किल्लेदारालाही रात्री तटाबाहेरचे काय दिसत असेल? हेर येऊन जे सांगतील त्यावरच तो बेत आखत असणार.

विदित गुजराथीच्या नाशिकला बुद्धिबळाचे उदाहरण सहज पटेल. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणीसारखा उंचवटा असतो, आणि सोंगटी हात लागून पडू नये म्हणून प्रत्येक घराला भोक असते. खेळाडू आपली चाल मोठ्याने सांगतो. नियम तेच राहिले, फक्त पट बोटांना वाचता येईल असा झाला.

संगणकावरही तेच करायचे असते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दोन वर्षांपूर्वी षटकोनी घरांच्या नकाशावरचा एक ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही कोड बदलता येईल असा, गेम भावासाठी घरी बदलून घेतला. स्क्रीन रीडर गप्प का बसतो, तर बहुतेक गेम पडद्यावरची अक्षरेसुद्धा चित्र म्हणून रंगवतात आणि स्क्रीन रीडरच्या हाती मजकूर लागतच नाही. तो मजकूर त्याच्याकडे सोपवणे हे एका सुट्टीच्या दिवसाचे काम निघाले. खरी अडचण नकाशाची होती.

मी आधी डोळस माणसाला सुचेल तेच केले. एकेका घरावर गेले की तिथे काय आहे ते बोलायचे. गवत, गवत, टेकडी, गवत, नदी. नकाशा २४ बाय २० चा, म्हणजे ४८० घरे. मी एका नजरेत जे टिपते ते त्याला एकामागून एक ऐकावे लागत होते. दहा मिनिटांत त्याने हेडफोन काढला. "ताई, मला नकाशा वाचून दाखवू नकोस. मी विचारेन तेवढंच सांग."

मग आम्ही प्रश्नांच्या कळा केल्या. एक कळ दाबली की जवळचा शत्रू आधी या क्रमाने यादी येते: "धनुर्धारी, ईशान्येला चार घरं, टेकडीवर, जखमी." दुसरी कळ सांगते, पुढच्या खेळीत माझ्यापर्यंत कोण पोचू शकतो. षटकोनाला सहा शेजारी, म्हणून क्यू, डब्ल्यू, ई या कळा वायव्य, उत्तर, ईशान्य आणि खालच्या ए, एस, डी नैर्ऋत्य, दक्षिण, आग्नेय. ही मांडणी त्याचीच. बोटे ठेवली की षटकोन हाताखाली येतो.

एक चूक मात्र माझ्या कधीच लक्षात आली नसती. माझी यादी धुक्यात लपलेले, म्हणजे पडद्यावर गेम मुद्दाम झाकून ठेवतो ते शत्रूही सांगत होती. तीन डाव लागोपाठ जिंकल्यावर त्यानेच विचारले, "हा घोडेस्वार तुला पडद्यावर दिसतोय का?" नव्हता दिसत. "मग मलाही नको." पुढचा डाव मी जिंकले. त्याच्या पुढचा त्याने, आणि तो जास्त खूश होता.

मराठीचाही विचार करा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या मजकूर बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज आहे. ऐकायला तो यंत्रासारखा वाटतो, पण भाऊ तो इतक्या वेगाने लावतो की मला एक शब्द कळत नाही, त्याला सगळे कळते. गेमचा मजकूरच मराठी असेल तर रामशेजचा किल्लेदार मराठीत बोलेल.

हे सगळे नवे नाही. साऊंडआरटीएस हा सैन्य हलवायचा खेळ केवळ आवाजावर चालतो. फॅक्टोरिओसारख्या गुंतागुंतीच्या गेमसाठी अंध खेळाडूंना उपयोगी पडणारी जोडणी तयार झाली आहे. विद्यार्थी ज्यावर शिकतात ते गोडो हे गेम बनवायचे मोफत इंजिनही २०२५ मधल्या ४.५ आवृत्तीपासून स्क्रीन रीडरशी बोलते. म्हणजे आता साधन नाही अशी सबब उरलेली नाही.

महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, प्रकल्प संपल्यावर नव्हे, तर कागदावर नियम ठरत असतानाच एखाद्या अंध खेळाडूला बोलवा. सातपूरला नॅब या अंधांसाठीच्या संस्थेचे काम आहे, तिथे विचारा. आणि मार्गदर्शक शिक्षकांनी गुण देण्याआधी लॅपटॉपचा पडदा काळा करून दहा डाव खेळून पाहावेत.

रामशेजचा गेम करणाऱ्या मुलांनी हे पत्र वाचले तर आपल्या कार्यालयामार्फत मला जरूर कळवावे. माझा कोड मी देईन. भावाला रविवारी सुट्टी असते, आणि किल्ला त्याला अजून लढवायचा आहे.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक