बाबा सायकलवर, आई ट्रेनमध्ये

ड्रेस्डेन

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "तिकडं येऊन आम्ही करणार काय? तुझ्याकडं गाडी नाही, तू दिवसभर कामावर, आम्ही दोघं खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजू." आई काही बोलली नाही, पण तिनं गुडघ्यावरून हात फिरवला तेवढा मला दिसला. बोलण्यात तुमच्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

गाडी नसल्यानं इथं काही अडत नाही. आमच्या जवळच सॅक्सन स्वित्झर्लंड नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. नाव तेवढं स्वित्झर्लंडचं, आहे ते जर्मनीतच, अगदी चेकच्या हद्दीला लागून. १९९० साली, पूर्व जर्मनीचा कारभार आवरता आवरता, ते उद्यान जाहीर झालं. गेल्या रविवारी मी सायकल आणि ट्रेननं तिकडं जाऊन आले. जाताना डोक्यात तुमचाच विचार होता: बाबांना हे जमेल का, आईला ते झेपेल का.

ट्रेन म्हणजे एस-१. एल्बे नदीच्या काठाकाठानं जाणारी दुमजली लोकल. ज्या दारावर सायकलचं चित्र असतं त्या डब्यात खाली मोकळी जागा ठेवलेली असते. सायकल तिथं उभी करायची आणि शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसायचं. आपला पास असला तरी सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. बाबागाडी किंवा व्हीलचेअर आली की सायकलवाल्यानं निमूट जागा करून द्यायची. तीस वर्षं सायकल स्टेशनच्या स्टँडवर लावून किर्लोस्करवाडीची पॅसेंजर पकडणाऱ्या माणसाला मी हे काय शिकवणार! फरक इतकाच की इथं सायकलही तुमच्याबरोबर गाडीत बसते. रविवारी ऊन पडलं की डबा फार भरतो. म्हणून आपण मधल्या वारी जाऊ, मी रजा टाकते.

मी पिर्नाला उतरले. तिथून राथेन बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे सांगलीहून हरिपूरला दीड फेरी. चढ जवळजवळ नाहीच. एका बाजूला नदी, तिच्या कडेनं सायकलचा रस्ता आणि बऱ्याच ठिकाणी त्याला लागूनच रेल्वेचे रूळ. त्यावरूनच मला सुचलं: पिर्नाला बाबांनी सायकल घेऊन उतरायचं, मी त्यांच्याबरोबर. आईनं तशीच पुढं जायचं, राथेनला उतरायचं आणि नदीकाठी बाकावर बसायचं. मध्ये दोनच स्टेशनं आहेत, चुकायला वाव नाही. आई, खिडकी नदीच्या बाजूची धर, म्हणजे आमचा सायकलचा रस्ता दिसेल. बाबांना दम लागेल असं वाटत असेल तर बॅटरीवर चालणारी सायकल भाड्यानं मिळते. ते नको म्हणतील, मला माहीत आहे. मी तरी विचारून ठेवते.

वाटेत नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. आडवी रेघ आणि पुढं साल: १८४५, २००२, २०१३. मी सायकल टेकवून २००२ च्या रेघेखाली उभी राहिले, तर ती माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. ऑगस्ट २००२ मध्ये ड्रेस्डेनला एल्बेची पातळी ९.४० मीटरला गेली होती. बाबा, तुम्ही विचारायच्या आत हिशेब करून ठेवलाय, जवळपास ३१ फूट. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी २०१९ ला ५७ फुटांच्या वर पाणी होतं म्हणून तुम्ही नाक मुरडाल, पण इथं एरवी पाणी दोन मीटरच्या आसपास असतं. इथले म्हातारेही पावसाळी दिवसांत तुमच्यासारखेच सकाळी उठून आधी पातळी बघतात.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. राथेनचं स्टेशन नदीच्या या काठाला आणि गाव पलीकडं. मधे होडी आहे, आणि तिला पुढं जायला इंजिन लागत नाही. नदीत बरंच वर एक लांब दोर नांगरून ठेवलाय, त्याला ही होडी बांधलेली. नावाडी तिचं तोंड प्रवाहाला जरा तिरकं करतो, की पाण्याचाच रेटा तिला बाजूला ढकलत पलीकडं नेतो. परत यायचं तर तिरकेपणा उलटा. डिझेलचा वास नाही, धडधड नाही, फक्त फळ्यांवर आपटणारं पाणी. तुम्ही दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय उतरणार नाही, आणि नावाड्याला प्रश्न विचारायला मला दुभाषी करणार.

पलीकडं चढून गेलं की बास्टाई, एल्बेपासून १९४ मीटर उंचीवरचे सुळके. त्यांच्या मधून बांधलेला सात कमानींचा दगडी पूल, १८५१ सालचा. आपल्याकडचा दगड काळा, लाव्हाचा. हा वाळूचा, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेला. पावसानं भिजला की तो कमजोर होतो, म्हणून ओल्या सुळक्यांवर चढायला बंदी आहे. कोरडा असतानाही गिर्यारोहकांना खडकाच्या फटीत धातूच्या पाचरी घालायची परवानगी नाही, दोराच्या गाठी अडकवूनच ते वर जातात. सायकलही खालीच ठेवायची. उद्यानातले मोजके ठरवून दिलेले रस्ते सोडले तर ती नेता येत नाही, आणि ते बरंच आहे.

सगळंच हिरवंगार आहे असं नाही. २०१८ च्या दुष्काळानंतर सालीखालच्या किड्यानं इथली स्प्रूसची झाडं मारून टाकली. डोंगरच्या डोंगर राखाडी उभे आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात चेक बाजूनं वणवाही आला होता. मेलेली झाडं बहुतेक तशीच राहू देतात, नवं रान आपलं आपण येऊ दे म्हणतात. त्यामुळं काही पायवाटा बंद असतात. मला आधी ते बघवलं नाही. मग खोडांच्या मधून बर्चची कोवळी रोपं गुडघ्याएवढी आलेली दिसली.

आई, राथेनहून पुलाकडं जायला भरपूर पायऱ्या आहेत. त्या तू चढायच्या नाहीत. पिर्नाहून एक बस थेट वरपर्यंत जाते, तिथून थोडंच चालायचं. दुसऱ्या दिवशी क्योनिगश्टाइनचा किल्ला बघू. तिथं वर जायला लिफ्ट आहे आणि आत १५२ मीटर खोल विहीर आहे. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ, कारण तिथं हॉटेलात तुला चालेल असं बटाट्याशिवाय फार काही नाही. स्वच्छतागृहांना नाणी लागतात, ती मी सुट्टी करून ठेवते.

आता कामाचं. बाबा, दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. परत जायच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी लागते. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो मी इथून करते. गणपती उरकून सप्टेंबरच्या शेवटी आलात तर इथं गर्दी ओसरलेली असते आणि थंडीही सोसण्यासारखी असते. आईला विचारून कळवा, परस्पर ठरवू नका. आई, बाबांना ब्रेक बघायला सांग. त्या जुन्या सायकलवर थोडी सवय करून आलेले बरे.

तुमची,
धाकटी