टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि सर्व्हिस बुक (नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) याबद्दल, सगळ्यांनी पूर्ण वाचा

नमस्कार मंडळी, टीईटी नक्की कुणाला द्यावी लागणार हेच विचारणारे फोन परत परत येतायत म्हणून इथेच लिहिते. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि रिटायरमेंटला ५ वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या शिक्षकांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचं. ज्यांची ५ वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांची नोकरी टीईटीशिवाय चालेल पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागणार. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या बेंचकडे पाठवलाय.

पहिली ते पाचवीला पेपर १, सहावी ते आठवीला पेपर २. १५० पैकी ९० मार्क लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, जुनी ७ वर्षांची अट गेली.

आणि प्लीज सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का ते आजच काढून बघा. आमच्या एका ताईंच्या डीएडच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि सर्व्हिस बुकात सासरचं, नाव बदलल्याच्या गॅझेटची (सरकारी राजपत्राची) प्रत सापडेना, बिचारी रडकुंडीला आली होती. गोपनीय अहवालात (वरिष्ठ आपल्या कामाबद्दल दरवर्षी लिहितात तो) वाईट शेरा असेल तर तो लेखी मागा, उत्तरही लेखीच द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो.

खाजगी शाळेतल्या कुणाला कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात (खाजगी शाळांतल्या नोकरीचे वाद ऐकणारं कोर्ट) अपिलाला फक्त ३० दिवस मिळतात, संस्थेशी बोलू बोलू करत ते घालवू नका, आधी ग्रुपवर सांगा.