वाटे कसे पडणार ते विचार गो

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई, अजून वीस वर्षांनी माणसाला कामच उरणार नाही, सगळं एआय करणार, आणि मग एकदम गप्प झालीस. घाबरलीयस ते कळलं मला. पण मागे लिलावाचा गलका चालू होता, धड बोलता आलं नाही, म्हणून आता जेवणंखाणं आटपून लिहितेय.

मशीन येऊ देत, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. 2009 च्या फयान वादळात आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी जण परत आलेच नाहीत, किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते, बाहेर असलेल्या बोटीला सांगणार कोण? आता इस्रोच्या उपग्रहावर चालणारे ट्रान्सपाँडर बोटींवर बसवतायत, 2024 ला पालघरला त्याची सुरुवात झाली, रेंज नसली तरी मेसेज जातो आणि येतो. याची किंमत ज्या घरातला माणूस गेला त्या घराला विचार.

आणि हैदराबादचे ते इन्कॉईसवाले, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था गो, उपग्रहातून पाण्याचं तापमान आणि रंग बघून मासा कुठे लागायची शक्यता आहे ते सांगतात. जे पूर्वी फक्त मुरलेल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, कळायचं ते आता फोनवर कुणालाही कळतं. पण कळून काय गो, ज्याचं इंजिन मोठं आणि डिझेलला पैसा आहे तोच तिथे आधी पोचतो, छोट्या होडीवाल्याला नुसतीच जागा कळते. एलईडीचं तर तू बघितलंयसच, रात्री समुद्रात लख्ख दिवे लावायचे, मासा उजेडाला जमतो, एकाच बोटीत सगळा माल. 2017 ला केंद्राने बंदी घातली तरी चोरून चालूच आहे.

आजोबांची रापण तुला नीट आठवत नसेल, तू लहान होतीस. पहाटे होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून यायची, मग दोन्ही टोकांना माणसं, पुढची कंबरभर पाण्यात, मागची वाळूत टाचा रुतवून, बायामाणसं पण दोरीला. जाळं काठाला लागलं की बांगडे, तारल्या नुसत्या उसळत असायच्या आणि तिथेच वाळूवर वाटे पडायचे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ज्याने ज्याने दोरी ओढली त्याचा वाटा. एखादी म्हातारी नुसती हात लावायला आली तरी तिच्या टोपलीत मूठभर पडायचंच. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायची.

1930 साली केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने लिहिलेलं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला 15 तास काम पुरेल. 2030 आलंच की आता. यंत्रं आली, पैसा पण वाढला, आणि तू रात्री दहाला लॅपटॉप मिटतेस! यंत्रांचा अंदाज त्याचा बरोबर आला, पण वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार तिथे गणित चुकलं.

म्हणून काम उरणार नाही ही भीती मला तेवढी वाटत नाही. मला वाटतं वीस वर्षांनी बोट कधी काढायची, जाळं कुठे टाकायचं हे मशीनच सांगेल, पोरं वारा ओळखायला शिकणार नाहीत, बोट बंदरात लागायच्या आधीच मुंबईत बसलेला कुणीतरी भाव ठरवून मोकळा होईल. भाव आम्हाला पण आधी कळला तर चांगलंच आहे, दलाल फसवणार नाही. पण फक्त त्यालाच कळला तर आम्ही बायका बाजारात काय घेऊन बसायचं?

तुमच्या कंपनीत तांडेलांना विचारून विचारून माहिती गोळा करायचं प्रोजेक्ट आलंय म्हणालीस ना. त्यांनी जन्मभर समुद्रावर काढून जे कमावलं ते तुमच्या कॉम्प्युटरात जाणार, मग पुढे त्यातून जो पैसा येईल त्यात त्यांना काय मिळणार? एकदा शंभर रुपये आणि चहा, की दर वर्षी काहीतरी? हे मीटिंगमध्ये विचार, साहेबाला राग आला तरी विचार. तिथे रापणीचे वाटे पडताना बघितलेलं दुसरं कोण असणार आहे? काय उत्तर देतात ते मला लगेच कळव, मी इथे तांडेलांना सांगते, म्हणजे माहिती द्यायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

तुझी आई